तातडीची गोळी आणि लांबलेली पाळी

प्रश्न : वय 26, एक मूल आहे. निरोध फाटला म्हणून दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून तातडीची गोळी आणून घेतली. सहाव्या दिवशी थोडं अंगावरून गेलं. छाती दुखते, पाळी चार दिवस लांबलीय. पुढं मूल राहायला अडचण येईल का?
– एक वाचक, नेसरी

उत्तर : नाही, ही गोळी वांझपण आणत नाही. ही भीती आधी मनातून काढून टाका.

गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक 1.5 मिलिग्रॅम असतं. ते बीज बाहेर पडणं लांबवतं, म्हणून पाळीची तारीख मागंपुढं होते. मधेच डाग पडणं, मळमळ, छाती जड होणंही त्यातलंच. फक्त ते सहाव्या दिवसाचं रक्त पाळीत धरू नका. बऱ्याच जणी इथंच फसतात. पाळी आठवड्याहून जास्त लांबली तर सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करा. आशाताईंकडं ‘निश्चय’ किट मिळतं. गर्भ राहिलाच असेल तर या गोळीनं तो पडत नाही, त्याला इजाही होत नाही.

ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ आली, चक्कर आली, तर मात्र वाट पाहू नका. गर्भ नळीत राहिल्याचं ते लक्षण असू शकतं. त्याच दिवशी गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय गाठा, आणि गोळी घेतल्याचं डॉक्टरांना न लाजता सांगा.

गोळीचा उपयोग त्या एका वेळेपुरताच. दुसरं मूल लांबवायचं असेल तर तांबीबद्दल तिथंच विचारा.