घरात संडास झाला, पण बाळाची शी कुठे जाते?

जुलाब होणाऱ्या मुलाला घेऊन आई आली की मी दोन प्रश्न हमखास विचारते. घरात संडास आहे का? आणि बाळाची शी कुठे टाकता? पहिल्या प्रश्नाला पूर्वी बऱ्याचदा ‘नाही’ असं उत्तर यायचं, तेही मान खाली घालून. आता ‘आहे की’ असं येतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र अजून तेच आहे: उकिरड्यावर, मोरीत, नाहीतर घरामागच्या गटारात.

पहिलं उत्तर बदललं, हे लहान यश नाही. आपल्या राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्येच सुरू झालं होतं. आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकास मंत्री होते, आणि हातात खराटे घेऊन अख्खी गावं रस्त्यावर उतरली होती. पुढे २ ऑक्टोबर २०१४ ला देशभर स्वच्छ भारत अभियान आलं. पाच वर्षांत ग्रामीण भागात दहा कोटींहून जास्त शौचालयं बांधली गेली. या काळात अतिसार आणि कुपोषणाचे तीन लाखांहून अधिक मृत्यू टळतील, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये मांडला होता.

ज्याची मोजदाद फारशी झाली नाही, असा एक फायदा मला तपासणीच्या खोलीत दिसतो. अंधार पडेपर्यंत बाहेर जाता येत नाही म्हणून दिवसभर पाणी कमी पिणाऱ्या, लघवी तुंबवून ठेवणाऱ्या, संध्याकाळी अर्धपोटी राहणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या. लघवीची जळजळ, मूळव्याध, जुनाट बद्धकोष्ठ ही दुखणी त्यांच्या अंगवळणी पडलेली असत. घरात संडास आला आणि ‘आता पाणी भरपूर पीत जा’ हा सल्ला त्यांना पाळता येऊ लागला. पण त्याच काळात उघड्यावर बसणाऱ्यांना हटकायला पहाटे शिट्ट्या वाजवत फिरणाऱ्या गुड मॉर्निंग पथकांनी काही ठिकाणी याच बायकांना चारचौघांत खजील केलं. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

आता दुसऱ्या उत्तराकडे वळू. २ ऑक्टोबर २०१९ ला ग्रामीण भारत हगणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गाव-शहर मिळून देशातली १९ टक्के कुटुंबं शौचालय वापरत नसल्याचं आढळलं. त्याआधी ओडिशात पुरी जिल्ह्यातल्या शंभर गावांत एक मोठा अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे शौचालय असलेल्या घरांचं प्रमाण ९ वरून ६३ टक्क्यांवर गेलं, पण मुलांचे जुलाब कमी झाले नाहीत. संडास बांधला तरी रोगजंतूंच्या बाकीच्या वाटा उघड्या राहिल्या, तर असं होणारच.

त्यातली सर्वांत दुर्लक्षित वाट म्हणजे बाळाची शी. ‘अंगावर पिणाऱ्या बाळाची शी, तिला कसली घाण!’ असं आज्या अगदी मायेने म्हणतात. खरं तर लहान मुलांना पोटाचे संसर्ग वारंवार होतात, त्यामुळे त्यांच्या शीत रोगजंतू मोठ्यांपेक्षा जास्तही असू शकतात. घरोघरी काय घडतं ते आठवून पाहा. बाळाने शी केली, आजीने दुपट्याने पुसली, दुपटं मोरीत टाकलं, हातावर नुसतं पाणी घेतलं, पदराला पुसलं आणि त्याच हातांनी भाकरीचं पीठ मळायला घेतलं. म्हणून सांगते, शी संडासातच टाका. दुपटं धुतलेलं पाणीही तिथेच ओता. डायपरमधली घट्ट शी आधी संडासात झटका, मग डायपर गुंडाळून कचऱ्यात द्या. त्यानंतर हात साबणाने, नखांच्या कडांपर्यंत, वीसेक सेकंद चोळून धुवा. स्वयंपाकाआधी आणि बाळाला भरवण्याआधीही तसेच धुवा. रोटाव्हायरसची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात सरकारी केंद्रात मोफत मिळते, ती चुकवू नका.

दुसरी वाट संडासाच्या मागे असते. दोन शोषखड्ड्यांचा संडास उत्तम, पण दोन्ही खड्ड्यांत एकाच वेळी मैला सोडू नका. एक भरला की चेंबरमधून वाट बदलून दुसरा सुरू करायचा आणि पहिला किमान वर्षभर, शक्यतो दोन वर्षं, बंद ठेवायचा. तोवर आत कोरडं, वास नसलेलं खत तयार होतं. खड्डा विहिरीपासून किंवा बोअरपासून निदान दहा मीटर लांब हवा. बऱ्याच घरांत सेप्टिक टँक असतो आणि त्याचा पाइप सरळ गटारात सोडलेला असतो. त्या पाण्यात रोगजंतू जिवंत असतात आणि त्याच गटाराकाठी मुलं खेळतात. तो पाइप शोषखड्ड्याला जोडून घ्या. टँक दोन-तीन वर्षांनी मैलागाडीने उपसून घ्या. त्यात माणूस कधीही उतरवू नका. आतल्या विषारी वायूने क्षणात जीव जातो, आणि संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हाही आहे.

पाण्याबद्दल थोडक्यात. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडते का, हे ग्रामपंचायतीला विचारायचा तुम्हाला हक्क आहे. शेवटच्या नळाचं पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब टाकले आणि पिवळा रंग आला, तर क्लोरीन तुमच्यापर्यंत पोचलं. रंग आला नाही तर पाणी उकळून प्या आणि तक्रार करा. शहरातल्यांनी निर्धास्त राहू नये. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गीयाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित पाण्यातूनही पसरणारा जिवाणू सापडला होता.

इतकं करूनही मुलाला जुलाब लागले, तर पहिल्या जुलाबापासूनच ओआरएस द्या. पाकिटावर लिहिलेल्या मापाने, बहुतेक पाकिटांना एक लिटर, उकळून गार केलेलं पाणी घ्या आणि ते २४ तासांत संपवा. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर अर्धा कप, मोठ्याला एक कप, चमच्याचमच्याने द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. बाजारातली गोड पेयं ओआरएसच्या जागी चालत नाहीत. अंगावरचं दूध आणि नेहमीचं जेवण बंद करू नका. झिंकची गोळी चौदा दिवस पुरी करा: सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. जुलाब थांबले तरी गोळी मध्येच सोडू नका. मनाने अँटिबायोटिक किंवा जुलाब बांधणारं औषध देऊ नका.

शौचात रक्त दिसलं, मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, पाणी पिईना, सहा तासांत लघवी झाली नाही किंवा पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच सपाट झाली नाही, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि वाटेत ओआरएस पाजत राहा.