किशोरवयीन स्थौल्य : निदानपरिवर्जनाच्या दृष्टीने काही विचार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूलाची गणना आठ निंदितांमध्ये केली आहे. येथील निंदा चिकित्सकाच्या दृष्टीची आहे, चेष्टेची नव्हे. हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, आमच्याकडे येणारी बहुतेक स्थूल मुले वर्गातील चेष्टेने आधीच खचलेली असतात.

२०१६ ते २०१८ या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील सुमारे ५ टक्के मुले अतिवजनाची, तर सुमारे २४ टक्के कृश आढळली. देशाच्या मानाने ५ हा आकडा लहान खरा. शहरातील चिकित्सालयात मात्र तो तसा भासत नाही.

अतिसंपूरण, गुरु-मधुर-स्निग्ध आहार, अव्यायाम, दिवास्वप्न, हर्षनित्यता, अचिंतन व बीजस्वभाव ही ग्रंथोक्त निदाने सर्वांना परिचित आहेत. आहाराविषयी फारसे लिहावयास नको. शीतपेयाच्या ३०० मि.लि. बाटलीत सुमारे ३० ग्रॅम साखर असते, एवढे पालकांना सांगितले तरी पुरे.

विचार करावयास लावणारा मुद्दा निराळा आहे. प्रजागर व चिंता या दोहोंचा समावेश शास्त्राने स्थौल्याच्या चिकित्सेत केला आहे. आजचा दहावीचा विद्यार्थी रात्री एकपर्यंत जागतो आणि परीक्षेची चिंताही वाहतो. तरी त्याचा मेद वाढतोच. आधुनिक संशोधनही अपुऱ्या निद्रेचा संबंध वजनवाढीशी जोडते. मग शास्त्र चुकले काय? आमच्या मते नाही. ग्रंथोक्त प्रजागर हा अतिनिद्रा घेणाऱ्यासाठी असून तो क्रमाने वाढवावयाचा आहे, आणि त्याच्या जोडीस व्यायाम आहे. आजचे जागरण बैठे असते, हाताशी मोबाईल व फरसाणाचा डबा असतो, म्हणजे जागरणाबरोबर अध्यशनही घडते. आणि शाळेतून आल्यावर जेवून दोन तास झोप, म्हणजे दिवास्वप्नही आलेच. चिंतेचेही तसेच. ती शरीर कृश करण्याऐवजी मुलाला खाण्याकडे वळविते.

सामाजिक कारणांकडे आपण वैद्य मंडळी फारसे पाहत नाही. इमारतींच्या आवारात मोटारी उभ्या, खेळावयास जागा नाही. मुलगी वयात आली की तिचे मैदान सुटते. ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून आजी कौतुक करते, तर उशिरा घरी येणारे आईवडील अपराधी भावनेने बाहेरून काही मागवितात. जागतिक आरोग्य संघटना या वयात रोज सरासरी ६० मिनिटांच्या व्यायामाची अपेक्षा करते. शिकवणीच्या वेळापत्रकात ती बसवावयाची कोठे?

चौदा वर्षांच्या एका मुलाचे वडील आमच्याकडे ‘वजन उतरविणारे चूर्ण’ मागण्यास आले होते. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, पूर्वी आम्हीही अशा वेळी त्रिफळा गुग्गुळ लिहून मोकळे होत असू. या वेळी मुलाशी एकट्याने बोललो. चिडवतात म्हणून त्याने कबड्डी सोडली होती, हे घरात कोणासही ठाऊक नव्हते. आम्ही रात्रीचे जेवण आठच्या आत, दुपारची झोप बंद, रात्री साडेदहाला निद्रा आणि शिकवणीस सायकलने जाणे एवढेच ठरविले. सोबत उद्वर्तन व जेवणात ज्वारी-मूग दिले. तीक्ष्ण लेखन वा उपवास योजले नाहीत. हे वय धातुवृद्धीचे आहे. सर्वांत अवघड गेले ते वडिलांनी स्वतः जेवताना दूरदर्शन बंद ठेवणे!

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वजन वाढत असताना उंची खुंटली असेल, तर थायरॉईडची तपासणी करून घ्यावी. मानेवर काळसर जाड त्वचा दिसल्यास रक्तशर्करा पाहावी. प्रौढांचा बॉडी मास इंडेक्स मुलांना जसाच्या तसा न लावता वयानुसार तक्ते वापरावेत.

सहा महिन्यांनी त्या मुलाचे वजन होते तेवढेच राहिले, उंची मात्र वाढली. वडील किंचित निराश झाले. त्यांना उंची-वजनाचा तक्ता समोर ठेवून समजावावे लागले. मुलगा तोवर बाहेर सायकलचे कुलूप काढीत होता.