आज्ञावलीचे शुद्धलेखन

लिहून झाल्यावर एकदा वाचून पाहावे, ही सूचना प्रत्येक शिक्षक प्रत्येक वर्गात करीत असतो. आणि घंटा होताच बहुतेक विद्यार्थी न वाचताच उत्तरपत्रिका देऊन मोकळे होतात. जे वाचतात त्यांनाही कागदावरचे न दिसता मनातलेच दिसते, हा मनुष्यस्वभाव आहे. संगणकासाठी आज्ञावली लिहिणारीही माणसेच. त्यांच्या हातून असेच घडावे यात नवल नाही. फरक इतकाच, की निबंधातील चुकीने दोन गुण जातात आणि आज्ञावलीतील चुकीने कधी कधी अग्निबाण कोसळतो. अशा चुकांना आळा घालणाऱ्या एका पद्धतीचा परिचय वाचकांस करून द्यावा, असा आमचा हेतू आहे.

आज्ञावली तपासण्याचे मार्ग दोन. एक, ती चालवून पाहणे. दुसरा, न चालविता तिचा मजकूर वाचून दोष शोधणे. या दुसऱ्या मार्गास स्थैतिक विश्लेषण म्हणतात. चालवून पाहताना आपण ज्या वाटेने गेलो तेवढीच वाट तपासली जाते. वाचून मात्र न चाललेल्या वाटांचाही विचार करता येतो. परंतु लाखो ओळी रोज वाचणे माणसास शक्य नाही. म्हणून आज्ञावली वाचण्यासाठी दुसरी आज्ञावलीच नेमतात. १९७०च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी असे साधन रचले व त्यास ‘लिंट’ हे नाव दिले. लिंट म्हणजे कापडास चिकटलेले सुताचे बारीक तंतू.

आता १९९५ साली प्रसिद्ध झालेली जावा भाषा उदाहरणादाखल घेऊ. जावाचा कंपायलर आज्ञावलीचे यंत्रास समजेल असे रूपांतर करतो. तो भाषेचे नियम पाहतो, लिहिणाराचा हेतू पाहत नाही. ‘बैलाने पुस्तक वाचले’ हे वाक्य व्याकरणात बसते, म्हणून ते खरे ठरत नाही, तसेच हे. समजा, शाळेच्या पटाची आज्ञावली लिहिताना दोन नावे सारखी आहेत काय, हे पाहण्यासाठी कोणी बरोबरीचे जोडचिन्ह वापरले. हे चिन्ह नावांतील अक्षरे ताडून पाहत नाही. दोन्ही नावे स्मृतीतील एकाच जागी ठेवलेली आहेत काय, एवढेच पाहते. आज्ञावलीतच लिहिलेली सारखी नावे जावा एकाच जागी ठेवते, म्हणून घरच्या चाचणीत उत्तर बरोबर येते. पुढे प्रत्यक्ष वापरात नाव बाहेरून टंकून येते, ते निराळ्या जागी बसते, आणि पटावरील मुलगी समोर उभी असता यंत्र सांगते, ही आमच्या शाळेची नव्हे! अक्षरे ताडण्यासाठी ‘इक्वल्स’ ही निराळी क्रिया आहे. कंपायलर येथे गप्प बसतो. विश्लेषक मात्र तत्काळ बोट ठेवतो.

जावासाठी अशी साधने अनेक आहेत. २००१ साली ऑलिव्हर बर्न यांनी सुरू केलेले ‘चेकस्टाइल’ लेखनाची शिस्त पाहते: नावे कशी ठेवावी, समास किती सोडावा, ओळ किती लांब असावी. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या लेखनविषयक नियमांशी त्याची तुलना करता येईल. अनेक हातांचे लेखन एकसारखे वाचता यावे, हाच दोहोंचा हेतू. मेरीलँड विद्यापीठात बिल प्यू व डेव्हिड होव्हमायर यांनी रचलेले ‘फाइंडबग्ज’ वर सांगितल्यासारख्या अर्थाच्या चुका शोधीत असे; ते काम आता ‘स्पॉटबग्ज’ पुढे चालवीत आहे.

याहून खोल विचार म्हणजे प्रवाहविश्लेषण. वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटावरून भंडाऱ्याकडे जाते. वरच्या अंगास पाण्यात काही पडले तर ते कोणत्या गावांपर्यंत पोहोचू शकेल, हे पाण्यात न उतरता नकाशावरून सांगता येते. आज्ञावलीतही कोणते मूल्य कोठून निघून कोठे पोहोचेल, हे असेच शोधतात. मुंबईच्या पवई येथील आयआयटीमध्ये या विषयाचा मोठा अभ्यास झाला आहे. उदय खेडकर, अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांचा या विषयावरील इंग्रजी ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला.

साधन आणले म्हणून शिस्त येत नाही. नियमाचा अंमल व्हावा लागतो. म्हणून आज्ञावलीची बांधणी होतानाच तपासणी लावतात व दोष निघाल्यास बांधणी थांबवितात. मग थोरामोठ्यांची भीड उरत नाही. जुन्या कामात हजारो दोष निघाले तर एकदम हात न घालता त्यांची नोंद ठेवतात आणि नवा दोष एकही शिरू देत नाहीत.

तथापि, यंत्राचा शब्द अंतिम नव्हे. कोणतीही आज्ञावली कधी थांबेल की नाही हे नेमके सांगणारी सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ सालीच सिद्ध केले. म्हणून विश्लेषकाच्या हातून काही दोष सुटतात, तर काही वेळा निर्दोषावर आळ येतो. अशा वेळी इशारा बाजूस सारण्याची मुभा असते, आणि खरा धोका येथेच आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचा एरियान-५ हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. एक मोठी संख्या तिच्यासाठी राखलेल्या लहान जागेत मावली नाही. जुन्या एरियान-४ मध्ये ती कधीच इतकी वाढत नसे, म्हणून तेथील संरक्षण जाणूनबुजून सोडले होते; परंतु त्या निर्णयाचे कारण आज्ञावलीत लिहून ठेवलेले चौकशी समितीस आढळले नाही. अग्निबाण बदलला, गृहीत मात्र तेच राहिले.

आमच्या मते विद्यार्थ्यांनी यातून घ्यावयाचा धडा हा, की चूक दाखविणारा, मग तो शिक्षक असो वा यंत्र, आपला वैरी नव्हे. त्याचे म्हणणे पटले तर सुधारावे. न पटले तर का पटले नाही हे शेजारीच लिहून ठेवावे, म्हणजे मागून येणारास ते पुन्हा तपासता येईल. न वाचता इशारा पुसून टाकणे मात्र कोणत्याही विद्येत क्षम्य नाही.