वर्गाच्या पोटात वर्ग

संगणकाच्या आज्ञावलीतील 'वर्ग' म्हणजे तुमच्या शाळेतला वर्ग नव्हे, बरे का! एखादी वस्तू कशी असावी आणि तिने काय करावे, याचा तो आराखडा. नॉर्वेच्या ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड यांनी 'सिम्युला 67' या भाषेत ही कल्पना आणली. 'जावा' भाषेत 1997 पासून एका वर्गाच्या पोटात दुसरा वर्ग लिहिता येतो. पण लिहिता येतो म्हणून लिहावा का?

एक आगगाडी डोळ्यांपुढे आणा. जावाबरोबर 'लिंक्डलिस्ट' नावाचा एक तयार वर्ग मिळतो, तो या गाडीसारखाच आहे. तिचा प्रत्येक डबा, म्हणजे 'नोड', एक प्रवासी वाहतो आणि आपल्या पुढचा व मागचा डबा कोणता एवढेच लक्षात ठेवतो.

समजा, प्रवासी म्हणून तुम्ही विद्यार्थी बसवलेत. विद्यार्थी गाडीत चढण्यापूर्वीही होता, उतरल्यावरही असणार. उद्या तो हजेरीपटात बसेल. म्हणून त्याचा वर्ग स्वतंत्रच हवा.

डब्याचे तसे नाही. बाहेरच्या कोणी मधलाच डबा सोडवला तर गाडी तुटेल! म्हणून नोडचा वर्ग गाडीच्या वर्गात, खाजगी ठेवलेला आहे. मात्र आपण कोणत्या गाडीचे, हे डब्याला ठाऊक असण्याची गरज नाही. त्यासाठी त्याच्यामागे 'स्टॅटिक' हा शब्द लिहितात.

आता तिकीट तपासनीस पाहा. डब्यामागून डबा फिरणारी ही वस्तू म्हणजे 'इटरेटर'. एकाच गाडीत दोन तपासनीस दोन ठिकाणी असू शकतात. पण याला आपली गाडी माहीत हवीच, कारण मध्येच दुसऱ्या कोणी डबा जोडला तर ते ओळखून त्याला तक्रार करावी लागते. म्हणून याचा वर्ग आतला, आणि 'स्टॅटिक' शिवाय. अशा वस्तूपासून मालकापर्यंत एक अदृश्य दोरी बांधलेली असते.

खरी गोम या दोरीत आहे. ज्या वस्तूपर्यंत चालू आज्ञावलीतून कोणतीही दोरी पोचत नाही, ती जावा स्मृतीतून काढून टाकते. तुमचे गाडीचे काम संपले, पण तपासनीस कुठेतरी जपून ठेवला, तर? तो गाडीला धरतो, गाडी डब्यांना धरते आणि लाख डब्यांची गाडी स्मृतीत अडून राहते. चूक कुठेच दिसत नाही. आज्ञावली हळूहळू मंदावते आणि एके दिवशी जागा संपून बंद पडते. नवशिके 'स्टॅटिक' लिहायला विसरतात आणि नको तिथेही दोरी बांधून बसतात. 2022 पासूनचा जावाचा भाषांतरक न वापरलेली दोरी बहुधा स्वतःच सोडतो, तरीही त्याच्या भरवशावर राहू नये असे मला वाटते.

आता कागद घ्या. बुद्धिबळाची आज्ञावली लिहायची आहे. पट, पटावरचे घर, मोहरा आणि खेळाडू यांपैकी कोणाचा वर्ग पटाच्या आत जाईल? खेळाडू सोपा आहे. घराशी मात्र मी स्वतः बराच वेळ अडलो होतो.