खातेदाराच्या मृत्यूनंतर वारस नोंद : शेतकरी कुटुंबाने घ्यावयाची दक्षता

मृग निघाला की शेतकरी बी-बियाणे आणि खते यांच्या तजविजीस लागतो. अशा वेळी पीक कर्जासाठी विविध कार्यकारी सहकारी संस्थेत गेलेल्या एखाद्या तरुण शेतकऱ्यास, 'सातबारावर तुमचे नाव नाही' असे उत्तर मिळते. वडील वारून दोन-तीन वर्षे झालेली असतात, जमीन तोच कसत असतो, शेतसाराही तोच भरतो. परंतु कागदोपत्री जमीन अद्याप मृत वडिलांच्याच नावे असते. पेरणीचे दिवस कचेरीच्या खेपा घालण्यात जातात आणि बी उधारीवर घ्यावे लागते. गारपिटीनंतरची मदत आणि रस्त्यासाठी वा कालव्यासाठी घेतलेल्या जमिनीचा मोबदला यांच्या बाबतीतही हीच अडचण उभी राहते. उत्तम बियाणे आणि सुधारित अवजारे यांच्याइतकेच महत्त्व जमिनीचे कागद बिनचूक ठेवण्यास आहे, ते यासाठीच.

नोंद म्हणजे मालकी नव्हे

या विषयात पहिली गोष्ट पक्की समजून घ्यावयास हवी. वारसाचा हक्क खातेदाराच्या मृत्यूच्या क्षणी कायद्यानेच उत्पन्न होतो. तलाठ्याने केलेली नोंद तो हक्क निर्माण करीत नाही आणि नोंद राहून गेल्याने तो नष्टही होत नाही. फेरफार नोंदीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितले आहे. तथापि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १५७ प्रमाणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत हक्कनोंदणीतील नोंद खरी मानली जाते. म्हणून ज्याचे नाव नोंदीतून गळले त्यासच पुढे आपला हक्क सिद्ध करीत बसावे लागते. हे नाव बहुतेक वेळा विधवेचे अथवा लग्न होऊन गेलेल्या कन्येचे असते.

वारस कोण ?

हिंदू वारसा अधिनियम, १९५६ हा हिंदूंप्रमाणेच बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे. पुरुष खातेदार मृत्युपत्र न करता वारल्यास त्याची स्वकष्टार्जित जमीन प्रथम वर्गाच्या वारसांकडे जाते. पत्नी, पुत्र, कन्या आणि आई हे त्यांतील प्रमुख होत.

एक उदाहरण घ्यावे. एका खातेदाराने स्वतः खरेदी केलेली २ हेक्टर जमीन आहे. त्याच्या मागे वृद्ध आई, पत्नी, दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी आहे. येथे पाच वारस झाले व प्रत्येकाचा हिस्सा ४० आर इतका झाला. मुलीचे लग्न झाले, लग्नात खर्च केला, ती परगावी राहते, यांपैकी कोणत्याही कारणाने तिचा हिस्सा कमी होत नाही. एखादा मुलगा बापाच्या आधीच वारला असेल, तर त्याच्या वाट्याचा हिस्सा त्याची विधवा व मुले यांना मिळून मिळतो. पत्नीस मिळालेला हिस्सा केवळ पोटगीपुरता नसून ती त्याची पूर्ण मालक असते, आणि एकदा मिळालेला हिस्सा पुनर्विवाहामुळे परत जात नाही.

वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या जमिनीत हिश्श्यांचा हिशेब निराळा पडतो. तो जाणकार वकिलाकडून करून घ्यावा. मात्र तेथेही कन्येचा हक्क आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने कन्येस जन्मतःच पुत्राइतका हक्क दिला आहे. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने अथवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटण्या मात्र या दुरुस्तीने मोडत नाहीत.

मुस्लिम कुटुंबांत मुस्लिम कायद्याप्रमाणे, तर ख्रिस्ती कुटुंबांत भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ याप्रमाणे वारस ठरतात. अनुसूचित जमातींना हिंदू वारसा अधिनियम केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज लागू होत नाही. म्हणून आदिवासी गावांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी वरील हिशेब सरसकट सांगू नये.

नोंद करून घेण्याची रीत

१. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी व दाखला घ्यावा. पुढील सर्व कामास हाच आधार असतो. विलंब झाल्यास शुल्क पडते, आणि एक वर्ष उलटल्यास सक्षम दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो.

२. वारसाने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास, ज्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वर्दी द्यावी. वारस अज्ञान असल्यास त्याच्या पालकाने ती द्यावी. वर्दी मिळाल्याची लेखी पोच देणे कायद्याने तलाठ्यावर बंधनकारक आहे. ती मागून घ्यावी व जपून ठेवावी. तीन महिने उलटले म्हणून हक्क जात नाही. तेव्हा मुदत गेली या समजुतीने गप्प राहू नये. ज्यांना शक्य आहे त्यांना ई-हक्क प्रणालीवरूनही अर्ज करता येतो.

३. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सातबारा व आठ-अ उतारे आणि सर्व वारसांची नावे, वये, पत्ते व मृताशी नाते सांगणारे प्रतिज्ञापत्र जोडावे. प्रतिज्ञापत्रात एकही वारस गाळू नये. बहिणीचे नाव जाणूनबुजून वगळणे हे शपथेवर खोटे बोलणे होय.

४. वारसांची नोंद प्रथम गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत होते. चौकशीअंती फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, नोंद धरली जाते व हितसंबंधितांना नोटीस दिली जाते. नोटिशीनंतर हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि त्यानंतर सातबारावर नावे लागतात. हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घेऊन तिची सुनावणी होते.

५. नोंद प्रमाणित झाल्यावर नवा सातबारा काढून तो वाचून पाहावा. नाव, हिस्सा व क्षेत्र यांत चूक असल्यास ताबडतोब अर्ज द्यावा. प्रमाणित नोंदीविरुद्ध ६० दिवसांच्या आत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते.

सातबारा आजोबांच्याच नावे राहिला असेल, तर प्रथम आजोबांचे आणि नंतर वडिलांचे वारस, अशा क्रमाने नोंदी कराव्या लागतात. प्रत्येकाचे वारस त्याच्या मृत्यूच्या दिवशीच ठरलेले असतात. नोंद उशिरा झाल्याने ते बदलत नाहीत. परंतु पिढी उलटली की वारस वाढतात व पांगतात, कोणी मुंबईस जातो, कोणाचा पत्ताच लागत नाही. एका दिवसाचे काम मग वर्षावर जाते.

नेहमी होणाऱ्या चुका

पहिली चूक म्हणजे केवळ थोरल्या भावाचे नाव एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून लावून बाकीच्यांनी स्वस्थ बसणे. अशा नोंदीने थोरला भाऊ एकटा मालक होत नाही. पण कालांतराने त्याच्या मुलांस तसे वाटू लागते आणि तंटा उभा राहतो. सर्व वारसांची नावे प्रथमपासूनच लावणे हा भाऊबंदकी टाळण्याचा सोपा उपाय आहे. अज्ञान मुलाच्या नावासमोर त्याच्या पालकाचे नाव लागते. अशा मुलाचा स्वतंत्र हिस्सा नैसर्गिक पालकासदेखील न्यायालयाच्या पूर्वपरवानगीखेरीज विकता येत नाही.

दुसरी चूक हक्कसोडीची. बहिणीने स्वखुशीने आपला हिस्सा भावास सोडावयाचा असेल, तर ते हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदविलेच पाहिजे. तलाठ्यासमोर दिलेला जबाब किंवा नोटरीपुढे केलेला कागद यांनी तिचा हक्क सुटत नाही. उलट, बहिणीनेही 'नोटिशीवर सही कर' एवढ्या सांगण्यावरून न वाचता सही करू नये. माहेरची चोळी-बांगडी टिकावी म्हणून हक्क सोडणे हा तिचा प्रश्न आहे. पण तो तिने जाणून सोडावा, तिच्याकडून न कळत काढून घेतला जाऊ नये.

तिसरी चूक म्हणजे वारस नोंद हीच वाटणी समजणे. नोंदीने सर्वांची नावे लागतात, बांध पडत नाहीत. सर्व सहहिस्सेदार राजी असल्यास महसूल अधिनियमाच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदाराकडे वाटणीचा अर्ज करता येतो. मालकीविषयीच वाद असल्यास दिवाणी न्यायालयात जावे लागते.

चौथी चूक कर्जाच्या भीतीने नोंद टाळणे. मृताच्या कर्जाची वारसाची जबाबदारी त्यास मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. वारस स्वतः जामीनदार अथवा सहकर्जदार नसेल, तर त्याच्या स्वतःच्या कमाईवर ती येत नाही. शिवाय नोंद टाळल्याने कर्ज टळत नाही. फक्त नवे कर्ज मिळणे थांबते.

हयातीत करावयाचे काम

खातेदारास आपल्या जमिनीची निराळी व्यवस्था हवी असेल, तर त्याने आपल्या हिश्श्यापुरते मृत्युपत्र करावे. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक आहेत. नोंदणी सक्तीची नाही, तथापि ती केल्यास पुढील वाद कमी होतात. मुस्लिम खातेदारास, वारसांच्या संमतीवाचून, एक-तृतीयांशाहून अधिक मालमत्तेचे मृत्युपत्र करता येत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी

कार्यकर्त्याने निवाडा देण्याच्या भरीस पडू नये. परंतु योग्य वेळी योग्य माहिती देणे हे त्याचे काम आहे. ज्या घरी मृत्यू झाला तेथे दिवसकार्य आटोपल्यावर एकदा जावे आणि दाखला निघाला काय, वर्दी दिली काय, असे विचारावे. बोलणे केवळ कर्त्या पुरुषाशी करू नये. घरातील विधवेसही सर्व समजावून सांगावे आणि बाहेरगावी दिलेल्या मुलींची नावे यादीत आली आहेत ना, याची चौकशी करावी. चावडीवाचनाच्या वेळी मृत खातेदारांची नावे वाचली जात असतील, तर त्या त्या कुटुंबास कळवावे.

प्रत्येक शेतकऱ्याने पेरणीपूर्वी एक दिवस काढून आपला चालू सातबारा व आठ-अ घरातील सर्वांसमोर वाचावा. जे हयात नाहीत त्यांची नावे त्यावर असल्यास आणि जे हक्कदार आहेत त्यांची नसल्यास, त्याच आठवड्यात वर्दी द्यावी.