फाटकावरचा फोन ईपीएबीएक्सला जोडताना

डोअर फोन ऑफिसच्या ईपीएबीएक्सला जोडला की फाटकासाठी वेगळी यंत्रणा सांभाळावी लागत नाही. बाहेरच्या माणसाने बटण दाबले की टेबलावरचा नेहमीचाच फोन वाजतो, त्यावरच बोलणे होते आणि एक आकडा दाबून कुलूप उघडता येते. 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यानंतर मराठवाड्यातल्या वाळूजमध्ये सुटे भाग बनवणारी कितीतरी लहान युनिट उभी राहिली. त्यांतल्या अनेक ठिकाणी फाटक रस्त्याला, मध्ये प्रेस आणि लेथची शेड आणि ऑफिस मागच्या टोकाला असते. मशीनच्या आवाजात साधी बेल ऐकूच येत नाही. अशा ठिकाणी ही जोडणी फार उपयोगी पडते, मात्र ती नीट केली तरच.

बाजारात मिळणारा साधा, 12 व्होल्टवर चालणारा चार तारांचा डोअर फोन एक्स्टेंशनला थेट लावता येत नाही. एक्स्टेंशनच्या जोडीवर सुमारे 48 व्होल्ट डीसी असतो आणि रिंग येताना त्यावर 75 व्होल्टच्या आसपास एसी चढतो. घरगुती डोअर फोनचे सर्किट तेवढ्यासाठी बनवलेले नसते. म्हणून एक्स्टेंशनवर चालणारा दोन तारांचा गेटफोन घ्यावा किंवा ईपीएबीएक्सच्याच कंपनीचे डोअर फोन कार्ड बसवावे. कार्डाचा खर्च अधिक असला तरी पुढे सांगितलेली मुख्य अडचण त्यात येत नाही.

ती अडचण लाइन न सुटण्याची आहे. प्रस्तुत लेखकाने वाळूजमधल्या एका लघुउद्योगाच्या फाटकावर परदेशी बनावटीचा दोन तारांचा गेटफोन बसवला होता. चाचणीत तो दहादा वाजला आणि दहादा कुलूप उघडले. आठवड्याने दुसऱ्या पाळीत माल घेऊन टेम्पो आला. ड्रायव्हरने बटण दाबले, पण ऑफिसात फोन वाजला नाही. हॉर्नही शेडच्या खडखडाटात विरून गेला. टेम्पो दीड तास रस्त्यावर उभा राहिला आणि आत माल नाही म्हणून मशीन थांबली.

दोष तारेत नव्हता. संध्याकाळी एका विक्रेत्याला ‘उद्या या’ असे सांगून ऑफिसातल्या बाईंनी दार न उघडता रिसीव्हर ठेवला होता. माणूस बोलणे संपले की फोन ठेवतो. गेटफोनला ठेवायला हात नसतो. समोरून एंगेज टोन आला की बोलणे संपले, असे तो ओळखतो. भारतात हा टोन 400 हर्ट्झचा असतो, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद. तो गेटफोन मात्र अमेरिकेतल्या 480 आणि 620 हर्ट्झच्या दुहेरी टोनची वाट पाहत होता. त्यामुळे लाइन सुटलीच नाही. चाचणीत प्रत्येक वेळी दार उघडले होते आणि दार उघडल्यावर तो गेटफोन आपोआप लाइन सोडत होता; म्हणून दोष झाकला गेला. टोनचे सेटिंग बदलले आणि एका कॉलला 90 सेकंदांची मर्यादा घातली, तेव्हा प्रश्न मिटला. ही मर्यादा टोन बरोबर ओळखला जात असला तरी घालावीच.

कुलपाची वीज बोलण्याच्या केबलमधून नेण्याचा मोह टाळावा. मॅग्नेटिक कुलूप 12 व्होल्टवर सुमारे अर्धा अँपिअर घेते. टेलिफोनच्या 0.5 मिलिमीटर जाडीच्या जोडीत 60 मीटरवर जाऊन-येऊन साडेदहा ओहमच्या आसपास रोध होतो. म्हणजे कुलपापर्यंत 12 ऐवजी जेमतेम सव्वाआठ व्होल्ट पोहोचतात आणि पकड जवळपास निम्म्यावर येते. दार बंद दिसते, पण जोराचा हिसका दिला की उघडते. त्याच अंतराला 1.5 चौरस मिलिमीटरची तार वापरली तर 11 व्होल्टांहून अधिक मिळतात. कुलपाच्या दोन टोकांवर उलटा डायोड लावावा, नाहीतर कुलपाची वीज चालू-बंद करणाऱ्या रिलेचे पॉइंट लवकर जळतात.

रिले कुठे आहे, हे तर दार सुरक्षित आहे की नाही ते ठरवते. बऱ्याच स्वस्त गेटफोनमध्ये तो बाहेरच्या पॅनेलमध्येच असतो. चार स्क्रू काढून तारा तोडल्या किंवा एकमेकींना टेकवल्या की दार उघडते. कोडची गरजच उरत नाही. रिले भिंतीच्या आतल्या बाजूला, बंद डब्यात हवा. कंपनीतून आलेला मूळ कोड त्याच दिवशी बदलावा आणि त्या एक्स्टेंशनवरून बाहेरचे कॉल बंद ठेवावेत.

फाटकापर्यंतची केबल थ्री-फेजच्या केबलसोबत एकाच नळीतून नेली की फोनवर गुणगुण येते. ती त्रासदायक असली तरी घातक नाही. वीज पडणे मात्र घातक. मराठवाड्यात मे-जूनमध्ये वळवाच्या पावसात विजा कोसळतात आणि नेमकी तेव्हाच जमीन खोलवर वाळलेली असते. मुरमात पुरलेल्या अर्थिंगचा रोध वाढतो आणि अरेस्टर असूनही वीज जमिनीत उतरत नाही. केबल इमारतीत शिरते तिथे 230 व्होल्टचा गॅस ट्यूब अरेस्टर लावावा आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहावे. एवढे न केल्यास गेटफोनसोबत ईपीएबीएक्सचे कार्डही जाते.

मॅग्नेटिक कुलूप वीज गेली की उघडते. आगीच्या वेळी तेच हवे असते, पण रात्री नको. म्हणून त्याला बॅटरी असावी, आणि आतल्या बाजूला वीजपुरवठाच तोडणारे बाहेर पडण्याचे बटण असावे. नेटवर्कवर चालणाऱ्या आयपी डोअर फोनला लाइन न सुटण्याची अडचण नाही, मात्र नेटवर्कची तांब्याची केबल 100 मीटरच्या पुढे चालत नाही. लांबच्या फाटकासाठी फायबर टाकावी. ती विजेचा झटकाही आत आणत नाही.

काम ताब्यात घेताना दार उघडून पाहणे पुरेसे नाही. बटण दाबून बोलावे, दार न उघडता रिसीव्हर ठेवावा, दोन मिनिटे थांबावे आणि बटण पुन्हा दाबावे. फोन पुन्हा वाजला तरच बिल चुकते करावे.