गर्दी बघून परत फिरलो

मी पारोळा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. ‘आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा’ असं पोरांना रोज सांगतो. माझ्याच मुलीच्या एमबीबीएस प्रवेशाच्या वेळी मात्र मी प्रश्न वाचलाच नाही.

साल २०१९. नीटमध्ये तिला असे मार्क पडले की सरकारी कॉलेज हातचं गेलं, पण घरी बसायचीही वेळ आली नव्हती. आशा धरावी अशी दोन कॉलेजं उरली. दोन्ही ट्रस्टची, दोन्ही नवी, दोन्ही खानदेशाबाहेरची, फीमध्येही फारसा फरक नाही. नावं लिहीत नाही. एक आता सुधारलंय असं ऐकतो, आणि निवड चुकली ती माझी.

पहिलं बघायला गेलो तो सोमवार होता. गावाच्या मधोमध जुना धर्मादाय दवाखाना, त्यालाच जोडून कॉलेज. केसपेपरच्या खिडकीपासून निघालेली रांग फाटकाबाहेर रसवंतीपर्यंत गेलेली. वऱ्हांड्यात जमिनीवर गाद्या, फिनेलचा वास, कुठेतरी लेकरू किंचाळतंय. सौ. नाकाला पदर लावून म्हणाल्या, “अहो, इथे पोरगी साडेपाच वर्षं काढेल?” मी वरचे मजले न बघताच माघारी फिरलो.

दुसरं बघितलं रविवारी. हायवेला लागून काचेची इमारत, पुढे हिरवळ, कारंजं. वॉर्डात पांढऱ्या चादरी शिस्तीत अंथरलेल्या. चिटपाखरू नव्हतं. रविवार आहे म्हणून असेल, असं मीच मनाला समजावलं. वॉचमननं थंड पाणी दिलं. एवढ्या शांततेत अभ्यास किती छान होईल, असं परतीच्या एसटीत आम्ही दोघं बोलत होतो. माझं शिक्षकाचं डोकं वर्गापलीकडे गेलंच नाही. डॉक्टरकीच्या पोरांचं खरं पुस्तक त्या रांगेत उभं होतं आणि मी त्यालाच नाक मुरडून आलो होतो.

फॉर्म भरला नेट कॅफेत. कॅफेवाला म्हणाला, “सर, जे मिळण्यासारखं आहे ते वर टाका.” सीईटी सेलची यादी अशी चालत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. संगणक तुमचा पसंतीक्रम वरून खाली वाचत येतो आणि जिथे तुमच्या गुणवत्ता क्रमांकाला जागा असेल तिथे थांबतो. वरचं नाही मिळालं म्हणून खालच्याची संधी कमी होत नाही. म्हणून मनापासून हवं ते वर, नको ते खाली, एवढाच हिशोब. आमचं हायवेवालं वर होतं, तेच मिळालं. मुलीपेक्षा सहा मार्क कमी असलेल्या तिच्या मैत्रिणीला त्याच फेरीत गर्दीवालं मिळालं, तेव्हा मी मैत्रिणीच्या वडिलांची कीव केली होती.

पहिलं वर्ष छान गेलं. पहिल्या वर्षाला शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन. तिथे मुख्य काम वर्गात आणि प्रयोगशाळेत. नव्या कॉलेजचं पहिलं वर्ष बघून समाधान मानू नका, उणीव कळते ती नंतर. मग कोविड आला, सगळीच घडी विस्कटली. त्यानंतर मेडिसिनचं पोस्टिंग लागलं आणि मुलीचा आवाज फोनवर उतरत गेला. एका रुग्णाभोवती तीसेक मुलं. अकरा जणांना तीच माहिती सांगून कंटाळलेला एक म्हातारा बाराव्याला म्हणे, “तीन महिन्यांपासून खोकला, संध्याकाळी ताप, वजन उतरलं. पुढं विचारा.” कॉलेजच्या तपासणीच्या दिवशी मात्र वॉर्ड भरायचा. शेजारच्या खेड्यांतून टेम्पो यायचे, जेवण मिळायचं, आणि कधी न पाहिलेले प्राध्यापक पांढरे कोट घालून हजर. दुसऱ्या दिवशी पुन्हा चादरी कोऱ्या.

रुग्ण यावेत तरी कसे? कॉलेज गावापासून लांब, एसटी थांबत नाही, फाट्यावरून रिक्षाला पैसे पडतात. गरिबाला पोट दुखलं की तो सिव्हिलला जातो.

निकालात यातलं काहीच दिसलं नाही. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा पेपर त्याच्याशी संलग्न सगळ्या कॉलेजांना एकच, आणि पेपर पाठ करून सुटतो. मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली, आम्ही पेढे वाटले. म्हणून निकालाच्या टक्क्यांवर कॉलेज तोलणाऱ्याला मी आता हात जोडतो.

इंटर्नशिप संपवून ती कंत्राटी वैद्यकीय अधिकारी म्हणून एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाली. तोवर स्वतःच्या हातानं केलेल्या डिलिव्हऱ्या मोजून चार. गर्दीवाल्या कॉलेजातल्या त्या मैत्रिणीनं मोजणं कधीच सोडून दिलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात रात्री अडीचला बाई आली, बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा. मुलीचे हात थरथरायला लागले. पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, घाबरू नका. मी सांगते तसं करा.” सकाळी सहाला तिचा फोन आला. “पप्पा, बाळ रडलं. नंतर मीपण रडले.” मी ओट्यावर बसून डोळे पुसत होतो. चुलतभाऊ म्हणाला, “भो, पोर डाक्टर व्हई गई ना, मंग रडस काबर?” काय सांगणार त्याला!

आता दरवर्षी जून-जुलैत पालक माझ्याकडे याद्या घेऊन येतात. आपल्याकडची परिस्थितीही बदलली आहे. जळगावचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये जिल्हा रुग्णालयाच्या आवारात सुरू झालं, नंदुरबारचं २०२० मध्ये, शेजारच्या बुलढाण्याचं २०२४ मध्ये. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे महाविद्यालय ऐंशीच्या दशकातलं, आता चक्करबर्डीला आहे. २०२० मध्ये ७०-३० चा प्रादेशिक कोटा गेल्यापासून मराठवाडा-विदर्भातली कॉलेजंही आपल्या पोरांच्या यादीत मोठ्या प्रमाणात येतात. पर्याय वाढले, तशी चुकायची जागाही वाढली.

नवं कॉलेज म्हटलं की नाक मुरडू नका. जिल्हा रुग्णालयाला जोडलेल्या नव्या सरकारी कॉलेजला रुग्ण आयते मिळतात. सिव्हिल सर्जनच्या हाताखालचं रुग्णालय अधिष्ठात्यांकडे येतं, पण केसपेपरची रांग तीच राहते. तिथे उणीव असते ती शिक्षकांची. जुन्या महाविद्यालयांतून प्रतिनियुक्तीवर आलेला प्राध्यापक कधी परत जाईल सांगता येत नाही. पदव्युत्तर विद्यार्थी नसले तर एमबीबीएसच्या पोरांच्या हाताला काम जास्त येतं, हा फायदाच. पण रात्री शिकवायला वरचं कुणी नसतं. माझं मत विचाराल तर रुग्ण भरपूर आणि शिक्षक थोडे हे चालेल, शिक्षक कागदावर भरपूर आणि रुग्णच नाहीत हे चालणार नाही. पहिल्या प्रकारातून पोरगं धडपडत शिकतं, दुसऱ्यात धडपडायलाच काही नसतं.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या नियमांत १०० जागांच्या कॉलेजला ४२० खाटा आणि १५० जागांना ६०५ खाटा सांगितल्या आहेत. आकडा माहितीपुस्तिकेत सापडेल, खाटेवर माणूस आहे का ते जाऊनच बघावं लागतं. पहिली तुकडी शेवटच्या परीक्षेपर्यंत पोचत नाही तोवर परवानगी दरवर्षी नव्यानं घ्यावी लागते, तेव्हा यंदाचं परवानगीपत्रही मागा. खासगी असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राचं टेबल शोधा आणि तिथे बसलेल्या नातेवाइकांशी बोला. प्रसूती कक्षातल्या सिस्टरना महिन्याला किती डिलिव्हऱ्या होतात ते विचारा, त्या थाप मारत नाहीत. ऑफिसात चहा पीत बसू नका. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही विचारू नका, ती अजून कारंज्यासमोर फोटो काढत असतात. तिसऱ्या वर्षाचं पोरगं कॅन्टीनमध्ये गाठा आणि एवढंच विचारा, “गेल्या महिन्यात वॉर्डात शिकवायला कोण आलं होतं?” नाव पटकन सांगितलं तर ठीक.

आणखी एक. स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरला म्हणजे मिळालेली जागा पक्की आणि पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाद. आमच्या गल्लीतल्या एकानं सुटलो एकदाचे म्हणून पहिल्याच फेरीत तो भरला, आणि दुसऱ्या फेरीत त्याच्या मुलाला लागलं असतं ते कॉलेज दुसऱ्याला गेलं. उलट, फॉर्म न भरता वरचं कॉलेज लागलं तर आधीची जागा सुटते, म्हणून खरोखर हवी तीच नावं वर ठेवा. सरकारी कॉलेज घेत असाल तर नंतरच्या एक वर्षाच्या सेवेबद्दलही मुलाशी आधी बोलून घ्या. आमच्याकडे असं बोलणं झालंच नव्हतं. मुलीला विचारलं असतं तर तिनं काय निवडलं असतं, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही.

गेल्या वर्षी आमच्या केंद्रातले एक शिक्षक दोन कॉलेजांची नावं घेऊन आले. रविवारी सुट्टी आहे, जाऊन बघून येतो म्हणाले. मी त्यांना सोमवारची किरकोळ रजा टाकायला लावली. सकाळी साडेनऊला आम्ही दोघं केसपेपरच्या रांगेत उभे होतो. आमचा नंबर आला तेव्हा बारा वाजून गेले होते. त्यांनी ते कॉलेज पहिल्या पसंतीला टाकलं.